गोल्फची आयर्न घरी वाकवायची तर: व्हाइस-बार की मशीन?

हा प्रश्न मऊ कार्बन स्टीलची फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) आयर्न, म्हणजे धातूच्या पातळ हेडचे गोल्फ क्लब, वापरणाऱ्यांसाठीच आहे. १७-४ या कडक स्टेनलेसच्या कास्ट (ओतीव) हेडशी घरी झटापट करू नये. स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर परत मागे येणं) भरपूर, आणि होझल, म्हणजे शाफ्ट बसतो ती हेडची मान, कधी तडकेल याचा नेम नाही. ती आणि पोकळ हेडची आयर्न सरळ फिटरकडे, म्हणजे क्लब खेळाडूला जुळवून देणाऱ्या कारागिराकडे, द्यावीत.

मी आधी व्हाइस, ॲल्युमिनियमचे जबडे, बेंडिंग बार (वाकवायचा दांडा) आणि कोन मोजायचा वेगळा गेज वापरत होतो. आता लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन) आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) बदलणारं लॉफ्ट-लाय मशीन आहे; त्यात हेड आवळलेलं असतानाच अंश वाचता येतात.

नुसतं वाकवण्यात फार डावं-उजवं नाही. बार होझलवरच बसवायचा, फेरूलला (होझलच्या वरच्या प्लास्टिकच्या कड्याला) टेकू द्यायचा नाही (टेकला की फेरूल गेलाच समजा), आणि ओढायचं. दोन अंशांपलीकडे मी जात नाही. व्हाइस स्वस्त, शिवाय घरातल्या इतर कामांनाही येतो. मशीन महाग आणि जागा अडवून बसतं. डावखुऱ्यांनी आपले क्लब त्यात बसतात का, हे आधी विचारून घ्यावं.

माझा खरा वैताग मोजणीचा होता. लाय अंशभर अपराइट (जास्त उभा) करायला जावं तर लॉफ्टही थोडा सरकतो, कारण ओढ कधी एकाच दिशेला जात नाही. मग हेड सोडा, गेजमध्ये बसवा, स्कोअरलाइन (फेसवरच्या खाचा) आडव्या आणा, वाचा, पुन्हा व्हाइसमध्ये आवळा. बरं, काहीही न वाकवता तेच हेड काढून परत बसवलं तरी काटा अर्धा अंश इकडेतिकडे! समजा ८ नंबरला ३७ आणि ९ नंबरला ४१ अंश हवेत. दोन्ही वाचनं उलट दिशांना अर्धा अंश चुकली, तर मधला फरक ३ होईल नाहीतर ५. मग एवढा खटाटोप कशाला?

मशीनवर हेड जागचं हलत नाही. ओढा, वाचा, आणखी किंचित ओढा. माझे आकडे फिटरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, पण सगळा सेट एकाच मापाने मोजला जातो. मला तेवढंच हवं होतं. इतरांना कदाचित एवढी चिकाटी गरजेची वाटणार नाही.

काहीही घेतलं तरी बाउन्स, म्हणजे हेडच्या तळाचा जमिनीशी होणारा कोन, विसरू नका. लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश जातो, आणि पावसाळ्यातल्या ओल्या फेअरवेवर वेजची (जास्त लॉफ्टच्या आयर्नची) पुढची कड लगेच रुतायला लागते. लायचा निकालही गेजवर सोडू नये. बॉलवर मार्करने उभी रेघ काढा, ती फेसकडे ठेवून फटका मारा. फेसवर उमटलेली रेघ वरच्या बाजूला टोकडे (शाफ्टपासून लांबच्या टोकाकडे) झुकली असेल, तर लाय फ्लॅट (कमी उभा) करायला हवा.

वर्षाकाठी एखादी वेज सुधारायची असेल तर व्हाइसवर भागेल. फक्त जबड्यांत थोडी काटकसर करून तो पैसा गेजवर घाला.