वसाहतकाळाच्या स्पायरल नोट्स: घ्या, पण दुरुस्त करून वाचा

छत्रपती संभाजीनगरात एम.ए. इतिहासाची आणि सेट-नेटची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात दिसणाऱ्या एका स्पायरल नोट्समधला ‘अमेरिका: धर्म आणि स्थलांतर’ हा भाग तपासला. 64 पानं, 120 रुपये. मराठीत एवढी माहिती एका जागी सहज मिळत नाही, त्यामुळे घ्यायला हरकत नाही. मात्र जशीच्या तशी पाठ केली तर मार्क जातील.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पिल्ग्रिम आणि प्युरिटन एकच धरलेत. 1620 ला मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत प्लिमथला आलेले पिल्ग्रिम चर्च ऑफ इंग्लंड या इंग्लंडच्या अधिकृत चर्चमधून फुटून निघालेले होते आणि त्याआधी हॉलंडमधल्या लायडनला राहिले होते. 1630 पासून पुढारी जॉन विन्थ्रॉपसोबत मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत आलेल्या प्युरिटनांना चर्च सोडायचं नव्हतं, आतून शुद्ध करायचं होतं. 1640 पर्यंत असे सुमारे 20 हजार लोक आले आणि मग ओघ आटला, कारण इंग्लंडमध्येच राजाविरुद्ध पार्लमेंट उभी राहिली आणि तिथेच सुधारणेची आशा दिसू लागली. हे कारण नोट्समध्ये नाही. दहा मार्कांच्या उत्तरात तेच महत्त्वाचं.

मेफ्लॉवरच्या 102 प्रवाशांत बरेच जण धर्मासाठी नव्हे, पोटासाठी आले होते. जहाज परवान्याच्या हद्दीबाहेर लागल्यावर ‘आता आमच्यावर कुणाची सत्ता नाही’ असं त्यांतले काही म्हणू लागले, म्हणून सगळ्यांनी मिळून केलेले नियम पाळायचा, 41 पुरुषांच्या सह्यांचा करार (मेफ्लॉवर करार) झाला. नोट्समध्ये कराराची तारीख एका पानावर 11 नोव्हेंबर, दुसऱ्यावर 21 नोव्हेंबर आहे. दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंड तेव्हा जुनी दिनदर्शिका पाळत होतं आणि फरक 10 दिवसांचा होता. एक ओळ लिहिली असती तर गोंधळ टळला असता.

भाषांतराचाही घोळ आहे. पिल्ग्रिमांना ‘यात्रेकरू’ म्हटलंय. आपल्याकडे नाथषष्ठीला पैठणला गेलेला माणूस घरी परततो. हे लोक कायमचे राहायला गेले होते. मूळ शब्दच ठेवा. त्याहून गंभीर म्हणजे प्रवासभाड्याच्या बदल्यात साधारण 4 ते 7 वर्षं राबणाऱ्या करारबद्ध मजुरांना ‘गुलाम’ केलंय. ऊसतोडीची उचल माहीत असलेल्या बीडच्या मुलाला आगाऊ पैशांत अडकलेले हात लगेच समजतील. पण त्या कराराला मुदत होती, गुलामीला नव्हती, आणि गुलामी आईकडून मुलांकडे जात होती.

मेरीलँड वसाहतीच्या 1649 च्या कायद्याला ‘धर्मस्वातंत्र्य’ म्हणणं चूक. कॅथलिकांनाही अभय मिळालं हे खरं, पण ख्रिस्ती त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव) विश्वास ठेवणाऱ्यांपुरतंच. ते नाकारणाऱ्याला देहदंड होता. इथे ‘सहिष्णुता’ लिहा. मॅसॅच्युसेट्समधल्या बोस्टनने तर 1660 ला मेरी डायर या क्वेकर (पाद्रीशिवाय उपासना करणारा ख्रिस्ती पंथ) बाईला फासावर दिलं. स्वतः छळ सोसून आलेल्यांनी दुसऱ्यांना छळलं, हा धागा नोट्समध्ये कुठेच पकडलेला नाही. चर्च आणि सत्ता वेगळी ठेवा म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सची मॅसॅच्युसेट्समधून हकालपट्टी आणि त्याने 1636 ला वसवलेलं प्रॉव्हिडन्स (ऱ्होड आयलंड वसाहतीची सुरुवात) हेही एका ओळीत उरकलंय.

पेनसिल्व्हेनियाचं प्रकरण मात्र उत्तम. 1681 ची सनद, 1683 चं जर्मनटाउन, तिथल्या क्वेकरांचा 1688 चा गुलामगिरीविरोधी निषेध, सगळं क्रमाने आणि कारणांसह आलंय. फक्त या 9 पानांसाठीही पैसे वसूल होतात.

राहिलेल्या गोष्टी समासात लिहून घ्या. 1654 ला ब्राझीलहून न्यू ॲमस्टरडॅमला (आजचं न्यूयॉर्क, तेव्हा डच वसाहत) आलेले 23 ज्यू. गव्हर्नर स्टायव्हेसंटला ते नको होते, वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीने राहू दिलं. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांत मुस्लिमही होते. 1790 चा नागरिकत्व कायदा ‘मुक्त गोऱ्या’ माणसापुरता होता. त्यात धर्माची अट नव्हती, वंशाची होती. अमेरिकी राज्यघटनेच्या 1791 च्या पहिल्या दुरुस्तीने (सरकारी धर्म नको, धर्म पाळायला आडकाठी नको) बांधलं ते केंद्राला, राज्यांना नाही; मॅसॅच्युसेट्समधला चर्चसाठीचा कर 1833 पर्यंत चालला.

नकाशे झेरॉक्समध्ये काळे पडलेत, ऱ्होड आयलंड तर दिसतच नाही. ते पान घेण्यापूर्वी उघडून पाहा आणि पुसट असेल तर दुसरी प्रत मागा.