खालची कवळी : अकरा महिन्यांनंतर (वरचीबद्दल तक्रार नाही)

खालची मोडली. बेसिनवर धुताना साबणाच्या हातातून निसटली आणि बरोबर मधोमध दोन तुकडे. हे लिहायचं निमित्त तेवढंच. मापं कशी घेतात, मेणाची कवळी लावून कशी बघतात, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरतो.

आधी मोडल्याचंच. घरातला झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तुकडे डोळ्यांना जुळलेले दिसतात, पण जोड केसभर तरी सरकतोच. खालच्या कवळीचा आकार घोड्याच्या नालेसारखा. मधे केसभर फरक पडला की मागच्या टोकांना तो चांगलाच वाढलेला असतो, आणि तिथेच हिरडी सोलून निघते. शिवाय पुढे कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तो गोंद खरवडावा लागतो, त्यात मोडलेली मूळ कड जाते, आणि कडच गेली तर तुकडे कशावरून जुळवायचे? टिकलीएवढा तुकडाही टाकू नका. सगळे ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. लॅबवाले तुकडे मेणाने धरतात, आतून प्लास्टर ओततात, कडा घासून दोन-तीन मिलिमीटरची फट करतात आणि त्यात उष्णतेशिवाय घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचंच प्लास्टिक, भरतात. काही तासांचं काम. पण हा जोड मूळच्या, साच्यात घालून उकडलेल्या अ‍ॅक्रिलिकइतका पक्का नसतो. कवळी न पडता जेवतानाच मोडली, किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा मोडली, तर जोडून भागणार नाही. खालचं हाड झिजून कवळी डुगडुगते आहे आणि वाकून वाकून तडकते आहे, असा त्याचा अर्थ.

पडूच नये म्हणून बेसिनमध्ये पाणी भरून त्यावर धुवा, असं सगळीकडे सांगतात. टँकरच्या दिवसांत बेसिन भरून पाणी कोण ठेवणार! जाड फडकं घडी करून अंथरलं तरी तेच काम होतं.

आता गुण. वरचीला दहापैकी आठ. खालचीला तिसऱ्या महिन्यात दोन दिले होते, आज पाच देतो. हा फरक डॉक्टर बदलून पडलेला नाही, हे आधीच सांगतो.

वरची टाळूवर बसते. टाळू आणि कवळीच्या मधे लाळेचा पातळ थर असतो, आणि टाळूचा कडक भाग संपून मऊ सुरू होतो तिथे मागची कड किंचित रुतते. हवा आत शिरत नाही, म्हणून ती शिंकेतही पडत नाही. खालचीला टाळू नाही. टेकायला जागा वरचीच्या जवळपास निम्मी, मधे वळवळणारी जीभ, बाहेरून गाल आणि ओठ. तिन्ही बाजूंनी ढकलाढकली. त्यात हाड झिजतं. टॉलग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांचा मागोवा घेऊन १९७२ साली मांडलं की जबड्याच्या पुढच्या भागात खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजतं, आणि झीज सगळ्यात वेगाने होते ती दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. म्हणजे नवी कवळी आठ-दहा महिन्यांत सैल झाली तर ‘डॉक्टरनं फसवलं’ म्हणून भांडायला जाण्याआधी थोडं थांबावं. पहिल्या वर्षाच्या शेवटी रिलाइन, म्हणजे आतल्या बाजूला नवा थर चढवून घेणं, हा खर्च कवळीच्या किमतीतच धरायला हवा होता. तो आधी कुणी सांगत नाही. खरी तक्रार तिथे आहे.

आता शेंगदाणा. कवळीच्या माहितीपत्रकात ‘कडक पदार्थ टाळा’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याने मराठवाड्यात एक वेळ जेवून बघावं. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, हुरड्याबरोबरही तीच. अडचण शेंगदाणा चावण्याची नाहीच, तो चावला जातो. अडचण त्यानंतरची. एका बाजूने चावलं की खालची कवळी दुसऱ्या बाजूने किंचित उचलते, तेवढ्यात कुटाचे रवाळ कण खाली शिरतात, आणि पुढच्या घासाला सगळा दाब त्या एका कणावर येतो. खालच्या हाडावरची कातडी पातळ, खाली गादी नाही. चपलेत खडा गेल्यावर कसं होतं, तसं जबड्यात. कवळी तोंडात ठेवून कितीही चुळा भरा, खालचा कण निघत नाही. काढूनच धुवावी लागते, आणि पंगतीत ती काढायची कुठे?

यावर उपाय आहेत, पण ते स्वयंपाकघरात. आमटीत शिजलेलं कूट चालतं, ते मऊ पडतं. कोरडी चटणी दह्यात कालवली की कण एकमेकांना धरून राहतात, नुसत्या तेलात तेवढे धरत नाहीत. चटणी जाडीभरडी न ठेवता बारीक करायला सांगावी. कारळाची आणि तिळाची चटणी शेंगदाण्यापेक्षा वाईट, कारण तिचे दाणे मुळातच बारीक आणि टणक. पेरूच्या बिया, अंजीर, खसखस त्याच रांगेत. आणि लोक उलटं समजतात ती एक गोष्ट : ज्वारीची भाकरी सोपी, चपाती अवघड. ज्वारीच्या पिठाला चिकाटी नाही, भाकरी तुटते आणि आमटीत लगेच विरघळते. गव्हाची चपाती ताणली जाते आणि ताणताना खालचीला उचलते. तेव्हा कवळी बसली म्हणून भाकरी सोडून मऊ चपातीवर जायची गरज नाही. भाकरी कुस्करून, घास लहान, आणि एकाच वेळी दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावायचा. पुढच्या दातांनी तोडणं बंद : ऊस, कणीस, पेरू सुरीने कापून. कवळीचा जोर खऱ्या दातांच्या पाव हिश्शाच्या आसपासच असतो, त्यामुळे जेवायला जास्त वेळ लागणार हे मान्य करावं.

चहाचं एक. वरची कवळी टाळू झाकते, म्हणून चहा किती कढत आहे ते घशाशी पोचल्यावरच कळतं. पहिला घोट ओठाने तपासा.

बोलणं आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारतं, पण सराव लागतो. त, थ, द, ध साठी जीभ दातांमागे टेकते, आणि तिथे आता अ‍ॅक्रिलिकची जाडी आहे. खरी परीक्षा मराठीतल्या दुसऱ्या च-ज ची : चमचा, चांगला, जहाज, झाडू. हे शब्द आणि एखादा बातमीचा परिच्छेद रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचावा. ‘स’ म्हणताना शिट्टी महिनाभरानंतरही वाजत असेल तर दोष जिभेचा नाही, पुढच्या दातांमागची जाडी किंवा दातांची ठेवण डॉक्टरने बघायला हवी.

चिकटपावडरीबद्दल सुरुवातीला मत होतं की हा पैसे काढायचा धंदा आहे. ते अर्धं मागे घेतो. चांगल्या मापाच्या कवळीवर लग्नकार्यापुरती चिमूटभर पावडर किंवा वाटाण्याएवढे तीन ठिपके क्रीम लावण्यात गैर काही नाही, आणि कुटाचा त्रास त्याने खरंच कमी होतो, कारण फटच बुजते. पण दिवसातून तीनदा लावावी लागत असेल तर ती सैल कवळीची पट्टी झाली. रिलाइन करा, पावडरीचे पैसे वाचतील. क्रीम घेताना त्यात जस्त नाही ना, हे बघा. जस्ताचं क्रीम वर्षानुवर्षं भरमसाट वापरल्याने शरीरातलं तांबं घटून हातापायांच्या नसा बिघडल्याची उदाहरणं आहेत, आणि २०१० साली एका मोठ्या कंपनीने तसलं क्रीम बाजारातून काढून घेतलं.

धुण्याला फेसाळणाऱ्या गोळ्या हव्यातच असं नाही. मऊ ब्रश आणि हात धुण्याचा साधा साबण पुरतो. टूथपेस्ट नको, तिने अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि त्यात बुरशी बसते. गरम पाणी नको, आकार बिघडतो. पिवळट दगडासारखा थर बसला तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, अर्धा तास, मग ब्रश. सुरीने खरवडू नये. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची. कवळी घालून झोपणाऱ्यांचे ओठांचे कोपरे चिरतात, टाळू लाल होतो, आणि तो दुखत नसल्याने महिनोन्‌महिने कळत नाही. तंबाखू सुटलेली नसेल तर दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड दाखवा. कवळीची समजलेली जखम कवळी काढून ठेवल्यावरही दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती कवळीची नसू शकते.

टोचत असेल तेव्हा लोक हमखास एक चूक करतात. कवळी चार दिवस डबीत ठेवतात आणि बरं वाटल्यावर डॉक्टरकडे जातात. खूण भरून गेलेली असते, मग डॉक्टर घासणार कुठे? जाण्याआधी काही तास ती घालून, जेवून जावं. घरी पॉलिशपेपरने घासणं म्हणजे नको तिथली जागा कायमची घालवणं.

पैशांचं. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूर-नांदेडलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी कवळी करतात, फेऱ्या जास्त पडतात, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासून देतात. पहिल्या मापानंतर पुढच्या भेटीत कडेचं आणि अंतिम माप वेगळं घेणं, ही पायरी घाईच्या दवाखान्यात गाळली जाते, आणि त्यानेही खालची सैल होते. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या साधनांच्या यादीत कवळीही आहे. बाजारात खुर्ची मांडून दात बसवणाऱ्याचं मात्र स्वस्तही महाग पडतं.

खालचीचा खरा इलाज कवळीत नाहीच, हे कळायला वेळ लागला. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं की दात नसलेल्या खालच्या जबड्याला पहिली पसंती दोन इम्प्लांटवर, म्हणजे हाडात रोवलेल्या खुंट्यांवर, बसणाऱ्या कवळीला असावी. पुढे, सुळ्यांच्या जागी दोन खुंट्या, आणि कवळीत बटणं. टक् करून बसते. बऱ्याचदा जुनीच कवळी त्यावर चढवता येते. बटणांतल्या चकत्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात. मधुमेह ताब्यात हवा, तंबाखू बंद हवी. खर्च कवळीच्या कितीतरी पट, म्हणून पाचवर थांबलो. खिशात असतं तर खालची साधी कवळी केलीच नसती.

दातांच्या दुखण्याने जगणं किती अडतं ते मोजायला १९९७ पासून १४ प्रश्नांची एक यादी वापरतात. जेवण मधेच सोडावं लागतं का, चारचौघांत संकोच वाटतो का, असे प्रश्न. शेंगदाण्याच्या चटणीचा त्यात नाही. पण ज्वारीच्या मुलखात तो एक विचारला तर बाकी चौदा विचारायची गरज नाही.

जोडून आलेली कवळी तिथेच, लॅबच्या किंवा दवाखान्याच्या दारात, तोंडात घालण्याआधी तपासा. आतल्या बाजूने, विशेषतः जोडावरून, कापसाचा बोळा फिरवायचा. तंतू अडकले तर तिथे टोक राहिलंय. त्यांच्याकडूनच बसल्या बसल्या घासून घ्या, नाहीतर परवा पुन्हा एसटीचं भाडं.