जोडीदाराकडून मिळणारी कदर आणि माया: कोणत्या प्रश्नावलीने मोजावी?

प्रबंधासाठी हा विषय घेतला की सवयीने स्पॅनियर यांची १९७६ ची ‘डायॅडिक ॲडजस्टमेंट स्केल’, म्हणजे दोघांचं एकमेकांशी कितपत जुळतं ते मोजणारी प्रश्नावली, उचलली जाते. तिच्या ३२ प्रश्नांपैकी मायेचे चारच. ते आधी नीट वाचा. प्रेम दाखवणं आणि शरीरसंबंध यांबाबत दोघांचं कितपत पटतं, याला प्रत्येकी ० ते ५ गुण. थकव्यामुळे संबंध टाळणं आणि प्रेम न दाखवणं यांवरून अलीकडे कुरबुर झाली का, याला प्रत्येकी ० किंवा १. एकूण १२. म्हणजे इथे मतभेद मोजला जातो, मिळालेली माया नाही! दोघांनीही माया दाखवणं सोडून दिलं असेल आणि त्यावर वादच होत नसेल, तरी गुण भरपूर पडतात. शिवाय निम्मे गुण शरीरसंबंधांवर. सासू शेजारच्या खोलीत असताना प्रश्नावली भरून घेतली, तर नेमके तेच प्रश्न कोरे राहतात. मूळ अभ्यासातही या भागाची विश्वसनीयता (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात; १ च्या जितकी जवळ तितकी चांगली) ०.७३ होती, संपूर्ण मापनीची ०.९६. जुन्या संशोधनाशी तुलना करायची असेल तरच ही घ्या.

कदर मोजायला गॉर्डन, इम्पेट आणि सहकाऱ्यांची २०१२ ची ‘ॲप्रिसिएशन इन रिलेशनशिप्स’ सरस आहे. १६ विधानं: ९ ‘मी जोडीदाराची कदर करतो’ या बाजूची, ७ ‘माझी कदर होते’ या बाजूची. उत्तरं १ ते ७. ‘मला गृहीत धरलं जातं’ अशा उलट विधानांचे गुण ८ मधून वजा करायला विसरलात, तर विश्वसनीयता कोसळते. आभार मानण्याच्या विधानाबाबत मात्र जपून. आपल्याकडे नवरा-बायको एकमेकांना थँक्यू क्वचितच म्हणतात. ‘आज आमटी फक्कड झालीय’ किंवा पाहुण्यांसमोर केलेलं कौतुक, हीच पोचपावती. शब्दशः भाषांतराने गुण उगाच कमी येतात. आधी दहाएक जोडप्यांना विधानं वाचायला देऊन त्यांचा अर्थ त्यांच्याच शब्दांत विचारा.

समजून घेणं, किंमत देणं, काळजी वाहणं असं व्यापक काही हवं असेल तर राइस यांची ‘परसीव्ह्ड पार्टनर रिस्पॉन्सिव्हनेस’ योग्य. हेंड्रिक यांची ७ प्रश्नांची ‘रिलेशनशिप ॲसेसमेंट स्केल’ आटोपशीर आहे, पण ती समाधान मोजते. कदरीच्या जागी नको.

कदर मोजताना एकाच जोडीदाराला विचारणार असाल तर ‘माझी कदर होते’ ही ७ विधानं पुरतात. दोघं असतील तर पूर्ण १६ घ्या, वेगवेगळ्या खोल्यांत, एकाच जोडी-क्रमांकाखाली. नवरा किती कदर करतो म्हणतो आणि बायकोपर्यंत किती पोचते, हे शेजारी ठेवून पाहता येतं. मात्र ९ आणि ७ विधानांची बेरीज ताडू नका, सरासरी ताडा. आणि संख्याशास्त्रीय चाचणी जोडीची (पेअर्ड) वापरा, कारण एका घरातली दोन उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.