ईसीसी रॅम आणि बायोस अपडेट : वर्कस्टेशन मदरबोर्डचा सव्वा वर्षाचा अनुभव

ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून जमिनीचे नकाशे तयार करणे हा माझा व्यवसाय असून, एकेका गावाची दोन-अडीच हजार छायाचित्रे संगणकावर सलग दोन रात्री चालत असतात. जुन्या संगणकावर असे काम पहाटे कधीतरी बंद पडे आणि दोष प्रोग्रॅमचा, रॅमचा की विजेचा, हे कळायला मार्ग नसे. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये रायझन ९ ५९५०एक्स प्रोसेसर, 'ईसीसी सपोर्ट' (ईसीसी म्हणजे रॅममधल्या चुका ओळखून दुरुस्त करण्याची सोय) असल्याचे माहितीपत्रकात छापलेला एएम४ (एएमडी प्रोसेसरचा एक सॉकेट) मदरबोर्ड आणि ३२ जीबीच्या दोन डीडीआर४ ईसीसी स्टिक घेतल्या.

ईसीसी स्टिक हातात घेतली की ती ओळखता येते. साध्या स्टिकवर एका रांगेत आठ चिप असतात, तिथे हिच्यावर नऊ असतात. ६४ बिटांच्या माहितीसोबत तपासणीचे ८ बिट साठवण्यासाठी ही नववी चिप लागते. त्यांच्या जोरावर एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक निदान पकडली जाते. लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' ही आज्ञा दिल्यावर एकूण रुंदी ७२ आणि माहितीची रुंदी ६४ दिसली, तेव्हा मी निश्चिंत झालो. ते चुकीचे होते, कारण या आकड्यावरून फक्त स्टिकची रचना कळते. दुरुस्ती प्रत्यक्षात चालू आहे की नाही, हे कळत नाही. बोर्डाने ती स्टिक स्वीकारणे, दुरुस्ती चालू असणे आणि झालेली दुरुस्ती ऑपरेटिंग सिस्टिमला कळवली जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माहितीपत्रकातले 'सपोर्ट' यांपैकी कोणत्या गोष्टीविषयी आहे, ते तिथे लिहिलेले नसते.

कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, एडॅक हा ड्रायव्हर रॅममधल्या चुकांची मोजदाद ठेवतो. माझ्याकडे तो आकडा दोन महिने शून्य होता. खात्री करावी म्हणून एका रविवारी व्होल्टेज १.२ वरच ठेवून रॅमचा वेग ३२०० वरून पायरीपायरीने वाढवत नेला. शेवटी संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पण नोंदींमध्ये एकही चूक नव्हती. शोधाशोध केल्यावर बायोसच्या (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, म्हणजे फर्मवेअरच्या) एएमडी सीबीएस या मेनूत 'प्लॅटफॉर्म फर्स्ट एरर हँडलिंग' हा पर्याय चालू असल्याचे सापडले. तो चालू असला की चुका आधी फर्मवेअरकडे जातात आणि ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोहोचत नाहीत. तो बंद करून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दुरुस्त झालेल्या चुकांच्या ओळी चॅनेलच्या क्रमांकासह भराभर येऊ लागल्या. त्यानंतर वेग पुन्हा ३२०० वर आणला.

ऑगस्ट २०२४ मध्ये एएमडी प्रोसेसरमधील 'सिंकक्लोज' ही सुरक्षात्रुटी जाहीर झाली. तिच्यावरचा उपाय बायोससोबत येणाऱ्या अजीसा या एएमडीच्या फर्मवेअरमधून मिळणार असल्याने बायोस अपडेट टाळण्यात अर्थ नव्हता. यूपीएसची बॅटरी पूर्ण भरलेली असताना, फॅट३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून मी ते केले आणि सर्व सुरळीत वाटले. नवव्या दिवशी कर्नलच्या नोंदी पाहिल्या, तर रॅमची ईसीसी बंद असल्याची स्पष्ट ओळ तिथे होती. अपडेटने सर्व सेटिंग्ज मूळ स्थितीला नेल्या होत्या. ईसीसीचा पर्याय 'ऑटो' वर गेला होता आणि या नव्या आवृत्तीत 'ऑटो' म्हणजे बंद असा अर्थ होत होता. जुन्या आवृत्तीवर परतायला बोर्डाने नकार दिला. पर्याय हाताने चालू केल्यावर दुरुस्ती सुरू झाली. मात्र मधल्या नऊ दिवसांत झालेली दोन गावांची कामे मी पुन्हा चालवली, कारण लोकांच्या बांधांची मापे त्यांवर ठरणार होती.

तेव्हापासून अपडेटपूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढतो आणि अपडेटनंतर कोणतेही काम लावण्याआधी एडॅकची ओळ पाहतो. चुकांच्या नोंदी साठवणारी रासडेमन ही लिनक्सवरची सेवा कायम चालू ठेवली आहे. तिचा उपयोग एप्रिल २०२५ मध्ये झाला : भर उन्हाळ्यात एकाच चॅनेलवर आठवड्यात तीन दुरुस्त चुका नोंदल्या गेल्या. ती स्टिक काढली, संपर्कपट्ट्या पुसल्या, नीट बसवली आणि समोर एक पंखा वाढवला; त्यानंतर एकही नोंद आलेली नाही. साध्या रॅमवर या तीन चुका कुणाला दिसल्याही नसत्या.

असा बोर्ड घेणाऱ्यांनी दुकानात काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त 'रजिस्टर्ड' प्रकारच्या रॅम स्टिक एएम४ वर चालत नाहीत. 'जी' मालिकेतील (अंगभूत ग्राफिक्स असलेला) रायझन प्रोसेसर 'प्रो' प्रकारचा नसेल, तर ईसीसी मिळत नाही. 'डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच' असे विक्रेते सांगतात, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती असते. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेला तिचे संरक्षण नसते.

बोर्ड वेगवान आणि भक्कम आहे, याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती अपडेटसोबतच्या माहितीची, कारण त्या आवृत्तीपुढे 'सिस्टिमची स्थिरता सुधारली' एवढी एकच ओळ होती. अजीसाची आवृत्ती आणि बदललेल्या मूळ सेटिंग्ज तिथे लिहाव्यात, अशी लेखी विनंती मी कंपनीला दोनदा केली आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे.