टाचेखालचं थरांचं पॅड: आखूड पायासाठी

माझा डावा पाय 12 मिमी आखूड आहे. कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावली की दर वेळी आकडा थोडा बदलायचा. शेवटी डॉक्टरांनी आखूड पायाखाली ठोकळे सरकवत कंबर समपातळीत आणली आणि उभ्यानं पूर्ण पायांचा एक्स-रे काढला, तेव्हा खात्री पटली.

हे पॅड 3 मिमीच्या थरांचं आहे. थर सोलून उंची ठरवता येते, आणि हीच त्याची खरी किंमत! पूर्ण उंची एकदम दिली की कंबर, गुडघे कुरकुर करतात. मी दोनच थरांनी सुरुवात केली. शिवाय ते टणक आहे. मऊ जेलचं पॅड वजनानं चेपतं, मग मापाला काय अर्थ राहिला?

तक्रार एकच. तिसरा थर चढला की टाच बुटातून निसटते, म्हणून लेसचे, मागून उंच बूटच लागतात. फरक मोठा असेल तर बुटाच्या तळालाच बाहेरून थर बसवून घ्यावा लागतो.

हाडं सारखी असून स्नायू आखडल्यामुळे पाय आखूड भासत असेल, तर हे घेऊ नका. तिथे व्यायामच हवा.