चार टीबीची बॅकअप डिस्क : काही महिने वापरल्यानंतर

डिस्क चांगली आहे. आवाज जवळजवळ नाही, फारशी तापत नाही, वेग ठीक. नुसत्या डिस्कबद्दल लिहायचं तर एवढ्यावरच संपतं. पण बॅकअपच्या डिस्कची खरी परीक्षा ती भरत आली की सुरू होते, बॅकअप अर्ध्यावर अडकायला लागला की सुरू होते. म्हणून ब्रँड बाजूला ठेवून लिहितोय. यातलं बहुतेक सगळं कुठल्याही कंपनीच्या डिस्कला लागू पडेल.

आधी माझ्याकडे काय आहे ते. विंडोजचा लॅपटॉप, १ टीबीची एसएसडी, त्यात साधारण ६०० जीबी भरलेलं. फोटो-व्हिडिओ, कामाच्या फायली, बऱ्याच वर्षांच्या मेलची एक अवाढव्य फाइल आणि एक व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर). बॅकअपला यूएसबीवर चालणारी अडीच इंची ४ टीबी हार्ड डिस्क. विंडोजमध्ये ती ३.६३ टीबी दिसते, पण त्यात कुणी जागा चोरलेली नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

'किती मोठी डिस्क घेऊ?' असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं : कॉम्प्युटरच्या दुप्पट. मॅकच्या टाइम मशीन या बॅकअप सोयीसाठी अ‍ॅपलचाही सल्ला किमान दुपटीचाच आहे. सुरुवातीला हा आकडा बरा. पण तो आपल्याकडे डेटा किती आहे एवढंच बघतो, रोज त्यातला बदलतो किती हे विचारत नाही. आणि जागा खातो तो बदल.

माझ्याकडचे १८० जीबी फोटो वर्षानुवर्षं हललेले नाहीत. ते एकदा डिस्कवर गेले की पुन्हा एक बाइटही मागत नाहीत. याउलट व्हर्च्युअल मशीनची ६० जीबीची फाइल. ते दहा मिनिटं उघडून बंद केलं, आत एखादं अपडेट आलं, की बॅकअपच्या लेखी अख्खी फाइल बदलली. फाइल-पातळीवर काम करणारं सॉफ्टवेअर बदललेल्या फाइलची पूर्ण नवी प्रत ठेवतं. विंडोजची फाइल हिस्टरी याच पद्धतीची : मूळ सेटिंगमध्ये दर तासाला बदललेल्या फायली उचलते आणि जुन्या आवृत्त्या कायमच्या ठेवते. वर्ड-एक्सेलच्या फायलींसाठी सुरेख सोय आहे, मी ती अजूनही कागदपत्रांच्या फोल्डरपुरती चालू ठेवली आहे. पण व्हर्च्युअल मशीन किंवा मेलची फाइल त्यात घातली तर टीबीचे टीबी कुठे गेले ते कळत नाही.

त्यामुळे मुख्य बॅकअप ब्लॉक-पातळीवरच्या इमेजचा आहे, म्हणजे फायलींऐवजी डिस्कचे बारीक तुकडे (ब्लॉक) बघून घेतलेल्या अख्ख्या डिस्कच्या प्रतीचा. यात ६० जीबीच्या फाइलमधले जेवढे तुकडे बदलले तेवढेच जातात. रोजची भर ५ ते ८ जीबीच्या आसपास. मधूनच एखाद्या दिवशी ही भर ४० जीबीपर्यंत उसळते आणि माणूस घाबरतो. कारणं बहुधा साधीच निघतात : विंडोजचं मोठं अपडेट, एखाद्या गेमचं इन्स्टॉलेशन, व्हिडिओचं एडिटिंग. हार्ड डिस्क डीफ्रॅग केली, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावले, तरी हेच होतं, कारण फायली त्याच असल्या तरी ब्लॉक जागा बदलतात. नव्याने बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू केलं तर काही सॉफ्टवेअरना जवळजवळ सगळीच डिस्क बदललेली दिसू शकते, हे लक्षात ठेवावं.

आता हिशोब. ६०० जीबीची पहिली पूर्ण प्रत. रोज ८ जीबी धरून ६० दिवसांचा इतिहास हवा असेल तर आणखी ४८० जीबी. झाले १०८० जीबी, म्हणजे २ टीबीत आरामात बसायला हवं. नाही बसत. बरीच सॉफ्टवेअर ठरावीक काळाने नवी पूर्ण प्रत करतात, आणि ती नीट पूर्ण होईपर्यंत जुनी साखळी (आधीची पूर्ण प्रत आणि तिच्यावरची रोजची भर) पुसत नाहीत. पुसूही नये, नवी प्रत मध्येच फसली तर हातात काय उरेल? म्हणजे काही तासांसाठी दोन पूर्ण प्रतींची जागा लागते : १६८० जीबी. वर थोडी मोकळी जागा आणि वर्षभरात वाढणारा डेटा. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे दिसत असताना 'जागा अपुरी' असा संदेश येतो, त्याचं कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. कॉम्प्रेशनवर भिस्त ठेवू नका. जेपीईजी फोटो आणि एमपी४ व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते आणखी लहान होत नाहीत. ४ टीबी घेण्यामागे एवढाच विचार होता आणि तो बरोबर ठरला.

डिस्क साधारण दोन-तृतीयांश भरली तेव्हा एक वेगळीच कुरकुर सुरू झाली. रोजची भर पटकन जायची, पण जुन्या प्रती एकमेकींत विलीन करण्याचं काम तासन् तास चालायचं. या आकाराच्या बऱ्याच पोर्टेबल डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात माहितीचे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचे पुन्हा लिहावे लागतात. सरळ एका दमात लिहायला हरकत नाही, मध्येमध्ये खोडून लिहायला लागलं की दम लागतो. विलीनीकरण आठवड्यातून एकदाच, रात्री, असं लावल्यावर त्रास संपला. नेटवर्कवर चालणाऱ्या चार-पाच डिस्कच्या पेटीसाठी मात्र सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) लिहिलेलीच डिस्क घ्यावी.

बॅकअप अर्ध्यावर तुटण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. सॉफ्टवेअर फक्त 'लिहिता आलं नाही' एवढंच सांगायचं. अशा वेळी विंडोजमधलं नोंदी दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या स्रोताच्या नोंदी बघाव्यात. क्रमांक १५७ म्हणजे डिस्क अचानक निघाली, १५३ म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला, आणि ७ म्हणजे खराब ब्लॉक. माझ्याकडे १५७ ची रांग होती. डिस्क निर्दोष होती. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या यूएसबी हबमधून ती जोडलेली होती आणि कीबोर्ड, वेबकॅम, डिस्क असे तिघे एकाच पोर्टच्या विजेवर जगत होते. थेट लॅपटॉपला जोडली, केबल बदलली, नोंदी थांबल्या. केबलचा वेगाशीही संबंध आहे. यूएसबी २.० च्या वेगाने, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, ६०० जीबी जायला पावणेपाच तास लागतात. तेच सेकंदाला १०० एमबीने पावणेदोन तासांच्या आत. पहिलाच बॅकअप रात्रभर चालला तर आधी केबल आणि पोर्ट तपासा. (लाखो बारक्या फायली एकेक करून कॉपी होत असतील तर तो उशीर वेगळा, तो केबल बदलून जात नाही.)

यादीतल्या ७ ला मात्र हलक्यात घेऊ नये. सोबत स्मार्ट माहितीत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत) 'करंट पेंडिंग सेक्टर'चा, म्हणजे वाचता न येणाऱ्या संशयित तुकड्यांचा, आकडा शून्यावरून वाढताना दिसला तर त्या डिस्कवर आणखी प्रयोग करायचे नाहीत, आहे ते दुसरीकडे हलवायचं.

व्हीएसएसच्या चुका हा दुसरा नेहमीचा पाहुणा. उघड्या फायलींची स्थिर प्रत घेण्याचं काम विंडोजची ही सेवा करते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल किंवा दोन बॅकअप सॉफ्टवेअर एकाच वेळी जागी होत असतील तर ती अडते. दोघांच्या वेळा वेगळ्या लावल्या की बहुतेकदा भागतं.

एक गोष्ट फार कमी लोक बघतात. क्लाउडवरच्या ज्या फायली लॅपटॉपवर नुसत्या नावापुरत्या दिसतात आणि उघडल्यावरच उतरतात, त्यांचा मजकूर इमेजमध्ये येत नाही. बॅकअपवर यशाची हिरवी खूण, फोल्डर दिसतंय, आत काही नाही. ज्या फोल्डरचा बॅकअप हवा ते 'या उपकरणावर कायम ठेवा' असं लावावं आणि त्या जागेचाही हिशोब धरावा. नुसत्या सिंकला तर बॅकअप म्हणूच नये, इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं.

हिरव्या खुणेवर माझा एरवीही विश्वास नाही. महिन्यातून एकदा एखादं फोल्डर वेगळ्या जागी परत काढून उघडून बघतो. रिकव्हरीची पेनड्राइव्ह एकदा खरंच बूट करून पाहिली, ती डिस्क ओळखते का, हे कळायला हवं होतं. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर आहे. ती फक्त त्याच लॅपटॉपमध्ये असून उपयोग काय?

रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही, त्यामुळे दुसरी, जुनी २ टीबीची डिस्क आठवड्यातून एकदा जोडून लगेच काढतो. छायाचित्रकार पीटर क्रॉग यांच्या नावाने ओळखला जाणारा तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी हा नियम मी पूर्ण पाळतो असं नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणून क्लाउडवर फक्त फोटो आणि कागदपत्रं जातात. सगळे ६०० जीबी २० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायचे तर जवळजवळ तीन दिवस सलग लागतील, आणि संकटात ते परत उतरवायलाही वेळ लागणारच.

तर ४ टीबी कुणासाठी? ज्यांच्याकडे व्हर्च्युअल मशीन, व्हिडिओ एडिटिंग किंवा मोठ्या डेटाबेस फायली आहेत त्यांच्यासाठी, किंवा घरातले दोन लॅपटॉप एकाच डिस्कवर घ्यायचे असतील तर. नुसते फोटो आणि कागदपत्रं मिळून २५० जीबी असतील तर १ टीबी पुरे. उरलेल्या पैशांत तेवढीच दुसरी डिस्क घ्या आणि दोन्ही आलटून-पालटून वापरा.