तळ्याशेजारी फवारणी करताय? मग कुठलं औषध निवडाल?

शेताला लागून तळं असेल तर औषध निवडताना नुसती कीड बघू नका, पाण्यातले प्राणीप्लवक पण बघा, म्हणजे डॅफ्निया, कोपेपॉड, रोटिफर वगैरे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कारण शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो आणि माशांची पिल्लं त्यांच्यावरच जगतात.

क्लोरपायरीफॉस मी तळ्याजवळ अजिबात सुचवणार नाही. लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमच्याही खाली डॅफ्निया मरायला लागतात, मग स्पर्धा संपल्यामुळे औषध सोसणारे रोटिफर वाढतात पण ते डॅफ्नियाएवढं शेवाळ खाऊ शकत नाहीत, म्हणून पाणी हिरवं होतं आणि सगळा दोष खतावर जातो.

सायपरमेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं काही कमी विषारी नाहीत. फरक एवढाच की ती गाळाला आणि पाणवनस्पतींना पटकन चिकटतात, त्यामुळे पाण्यातलं प्रमाण लवकर उतरतं, पण गाळातल्या जीवांच्या वाट्याला ते येतंच.

इमिडाक्लोप्रिडचं प्रकरण जरा फसवं आहे. डॅफ्नियावरची 48 तासांची टेस्ट बघितली तर एकदम सेफ वाटतं, अर्धे डॅफ्निया निपचित पडायला लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम लागतात, पण त्याच पाण्यातल्या मेफ्लाय या किड्याच्या अळ्यांना काही मायक्रोग्रॅमच पुरतात आणि हे औषध पाण्यात सहज विरघळून वाहत जातं. एका जीवावरच्या टेस्टवरून सगळ्या तळ्याचा निकाल लावू नका.

डायफ्लुबेंझुरॉन 'सौम्य' म्हणून घेणार असाल तर थांबा, ते कायटिन, म्हणजे किड्यांच्या कवचातला मुख्य घटक, बनू देत नाही आणि डॅफ्नियाचं कवचही कायटिनचंच असतं, त्यामुळे कात टाकताना ते मरतात. बीटी, म्हणजे जिवाणूपासून बनवलेलं अळ्यांवरचं औषध, मात्र प्लवकांना जवळजवळ काही करत नाही, फक्त रसशोषक किडींवर त्याचा उपयोग नाही.

आता तळं सावरतं किती लवकर, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. डॅफ्नियाची मादी नराशिवायही पिल्लं देते, शिवाय गाळात तिची टिकाऊ अंडी पडून असतात, म्हणून एका फवारणीनंतर ते परत येऊ शकतात. कोपेपॉडना नर-मादी दोन्ही लागतात, वाढीच्या पायऱ्याही बऱ्याच, त्यामुळे त्यांना वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरी फवारणी झाली की संपलंच.

म्हणून अळी असेल तर बीटी घ्या. रसशोषक कीड असेल आणि फवारल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर त्या किडीवर चालणारं पायरेथ्रॉइड एकदाच मारा, काठाला गवताचा पट्टा सोडून, पाऊस आणि वारा नसताना, आणि पंप तळ्यात धुऊ नका.